घरातली बाई, चित्रातली बाई

(सोलापुरात आमच्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. भिंतीवर चित्रांच्या रंगीत झेरॉक्स लावून, त्या दाखवत हे बोलणं झालं.)

आज मी चित्रांबद्दल बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहीजणी हसलात. पोटगीच्या केसेस, रेशनकार्ड आणि दवाखान्याचे कागद यांत बुडालेली ही बाई चित्रांवर काय बोलणार, असं तुम्हांला वाटलं असेल. खरं आहे. मी समाजकार्य शिकले, चित्रकला नाही. पण या विषयाकडे मी आले ती आपल्या कामातूनच. ते कसं, हे आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी पूर्वभागातली आपल्या गटात येणारी एक बाई जळून गेली. स्टोव्हचा भडका झाला, असं घरच्यांनी सांगितलं. आपण काय म्हणत होतो ते तुम्हांला माहीत आहे. तिच्यासाठी शोकसभा घ्यायची, मोर्चा काढायचा असं ठरलं. फलकावर लावायला फोटो हवा म्हणून मी तिच्या माहेरी गेले. आईनं पेटी उघडली, भावानं कपाट उघडलं. लग्नातला एक फोटो निघाला. त्यात मान खाली, बाशिंग कपाळावरून पुढं आलेलं, चेहरा दिसतच नव्हता. दुसरा ओळखपत्रावरचा, नखाएवढा. मोठा केला तर नुसते काळे-पांढरे ठिपके. बत्तीस वर्षं जगलेली बाई, दोन मुलांची आई, रोज हजार विड्या वळणारी. तिचा तिच्या घरात, तिच्या जागी बसलेला एकही फोटो नव्हता. शेवटी आपण फलकावर नुसतं नाव लिहिलं.

त्या रात्री मला हुसेन आठवले. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, १९१५ साली, पंढरपूरचा. ते दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली. तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितली. पुढे मदर तेरेसांवर त्यांनी चित्रांची मालिकाच केली. त्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. मोकळी जागा. लोक त्यात बराच गूढ अर्थ शोधतात. शोधोत. मला त्यात पंढरपुरातलं एक घर दिसतं, जिथं एक बाई राहून गेली आणि तिच्या चेहऱ्याची खूण कुणी ठेवली नाही.

तेव्हा माझ्या मनात आलं, ज्यांच्या चेहऱ्याची खूण राहिली अशा बायका कोण? त्यांना कुणी पाहिलं? मग मी मिळतील ती पुस्तकं चाळायला लागले. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

बाईची चित्रं आपल्याकडे ढिगानं आहेत. देवी आहेत, राण्या आहेत, कॅलेंडरवरच्या आहेत. पण घरात बसलेली, ओळखीची, नाव असलेली बाई चित्रात यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं, तैलरंग आणि जलरंग आले, समोर माणूस बसवून हुबेहूब चित्र काढायची रीत आली. पण माणूस बसवायचा म्हणजे मॉडेल हवं. पैसे देऊन बसवायची तर बाई मिळणं कठीण. घरंदाज बाई परक्या पुरुषासमोर बसणार नाही. मग चित्रकाराच्या हाताशी कोण? बायको, मुलगी, बहीण. पेस्तनजी बोमनजींसारख्या चित्रकारांनी पारशी घराचं आतलं दालन चित्रात आणलं. आणखी तीन चित्रकारांची घरं मी आज तुम्हांला दाखवणार आहे.

पहिलं घर गोव्याच्या माणसाचं. अँतोनियो शाव्हियेर त्रिंदाद, १८७० सालचा जन्म. जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवलं, मुंबईतच राहिले, १९३५ साली वारले. त्यांच्या चित्रांत त्यांची पत्नी फ्लोरेंतिना आणि मुली पुन्हा पुन्हा येतात. नटूनथटून दरबारात बसल्यासारख्या नव्हेत, घरात असाव्यात तशा. १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना ज्या चित्राला मिळालं, त्याचं नाव इटालियन आहे, 'दोल्चे फार निएन्ते'. अर्थ असा, की काही न करण्यातला गोडवा. हे नाव ध्यानात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पणजीला, फोंताइन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. गोव्याला गेलात तर समुद्राबरोबर तेही बघून या.

दुसरं घर महादेव विश्वनाथ धुरंधरांचं. १८६७ साली कोल्हापुरात जन्म, १९४४ साली मुंबईत निधन. जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि शिक्षक म्हणून वरच्या पदापर्यंत पोचले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' असं आहे.

तिसरं घर सावंतवाडीहून मुंबईला गेलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. यांचं एक चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, डॉक्टरच्या खोलीत. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांच्या फटींतून तांबूस उजेड, मागं सावली. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ साली वारले, आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं. चित्र हळदणकरांचं आहे, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता.

इथे जरा थांबू या.

हे चित्र जलरंगातलं आहे. मी चित्रकला शिकलेल्या एका मैत्रिणीला विचारलं, जलरंगात एवढं काय अवघड? ती म्हणाली, तैलरंगात चुकलं तर वरून रंग चढवता येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो एकदा झाकला गेला की गेला. त्यामुळे हळदणकरांच्या कौशल्याबद्दल जेवढं बोलावं तेवढं थोडं. पण आपण बायांच्या गटातल्या. आपण चित्राच्या दुसऱ्या बाजूनं बघू. गीताबाई किती वेळ उभ्या राहिल्या असतील? हात एकाच उंचीवर, मान तशीच, नजर तशीच. म्हातारपणी त्यांच्याकडे वर्तमानपत्रवाले यायचे. २०१८ साली कोल्हापुरात त्या वारल्या, तेव्हा त्यांचं वय १०२ होतं. म्हणजे दिवा धरला तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. चित्रातली ती कोवळी मुलगी म्हणजे चांगली जाणती बाई. बापाच्या हातात कुंचला होता आणि मुलीच्या हातात दिवा. चित्र दोघांच्या मेहनतीचं. सही एकाची.

मी बापाला दोष देत नाही. आपल्या कामाची सवय अशी, की कुणी पुरुष दिसला की आपण लगेच आरोपपत्र तयार करतो. मला या बापांबद्दल आदरच वाटतो. कारण चित्र काढायचं म्हणजे बघावं लागतं. बायकोकडे, मुलीकडे तास-दोन तास नुसतं बघत बसायचं, तिच्या कपाळावर उजेड कसा पडतो, दमल्यावर तिचा खांदा कसा उतरतो, ते निरखायचं. आपल्यापैकी कितीजणींकडे घरात कुणी असं पाहिलंय? चहात साखर कमी पडली की आपल्याकडे बघतात, हे मला माहीत आहे.

पण आदर ठेवूनही एक भेद सांगायला हवा, आणि तो धुरंधरांच्याच कामात सापडतो. ऑटो रॉथफेल्ड नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. त्यांनी १९२०च्या सुमारास भारतातल्या स्त्रियांवर एक पुस्तक लिहिलं. चित्रं धुरंधरांची. त्यात अमुक जातीची बाई, तमुक प्रांताची बाई, असे नमुने आहेत. लुगडं कसं नेसते, दागिने कुठले, डोक्यावर काय वाहते. चित्रं देखणी आहेत, नेसणीची माहिती म्हणून मोलाचीही आहेत. पण त्या बायांना नाव नाही. त्या जातीचा नमुना म्हणून उभ्या आहेत. त्याच हातांनी जेव्हा घरातल्या माणसांची चित्रं काढली, तेव्हा मात्र चेहरा आला, स्वभाव आला. म्हणजे हात तोच, डोळा तोच. उंबऱ्याच्या आतली बाई माणूस झाली, आणि उंबऱ्याबाहेरची नमुना राहिली.

हे आपल्यालाही लागू आहे, बरं का. माझ्या फायलींत बघा. 'लाभार्थी, विधवा, वय ४५, विडी कामगार.' मी रोज असेच नमुने काढते. धुरंधरांना नावं ठेवण्याआधी मी माझी फाईल उघडून पाहिली, म्हणून सांगते.

आता परदेशातलं एक उदाहरण देते, कारण तिथे सगळं पुढारलेलं होतं असा आपला समज असतो. लंडनमध्ये हॅरॉल्ड गिल्मन नावाचा चित्रकार होता, १८७६ ते १९१९. पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्ल्यूच्या साथीत गेला. साध्या खोल्या, टेबल, चहाची भांडी, घरातली माणसं हा त्याचा विषय. त्याची सगळ्यांत गाजलेली चित्रं कुणाची? तो जिथे भाड्यानं राहायचा तिथल्या घरकाम बघणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस माउंटरची. डोक्याला रुमाल बांधलेला, समोर चहाचं टेबल, आणि ती थेट आपल्याकडे बघते आहे. ना देवी, ना नमुना. दमलेली, शहाणी म्हातारी. आज तिची चित्रं तिथल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. मी हे चित्र आपल्या घरकामगार बायांच्या बैठकीत दाखवलं, तर एक मावशी म्हणाल्या, "आम्ही ज्यांच्यात काम करतो त्यांच्या अल्बममध्ये आम्ही कुठंच नाही. बाळाला उचललेला आमचा हात तेवढा दिसतो, बाकी कापलेलं असतं." गिल्मननं मावशींना कापलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं बोलायला हवं.

पण पुढचं ऐका. हाच गिल्मन ज्या मंडळात होता तो कॅम्डन टाउन ग्रुप, १९११ साली निघाला. सोळा सभासद, सगळे पुरुष. बायकांना सभासद करायचं नाही, असा त्यांचा नियमच होता. बाई चित्रात चालेल, म्हातारी कामवालीही चालेल. कुंचला घेऊन शेजारी बसलेली मात्र चालणार नाही. लंडन काय नि मुंबई काय, दाराला कडी एकाच बाजूनं.

म्हणून मला आपल्याकडच्या दोन मुलींची गोष्ट महत्त्वाची वाटते. धुरंधरांची मुलगी अंबिका, जन्म १९१२चा. त्रिंदादांची मुलगी अँजेला, जन्म १९०९चा. दोघी चित्रांत बसून बसून मोठ्या झालेल्या. दोघींनी घरातच रंगाचा वास घेतला, बापाचा हात चालताना पाहिला, आणि दोघीही जे. जे.मध्ये शिकायला गेल्या. अंबिकाबाईंनी पदविका घेतली, आयुष्यभर चित्रं काढली, वडिलांचं काम जपलं, आठवणी लिहिल्या, आणि २००९ साली, ९७ वर्षांच्या होत आल्या असताना गेल्या. अँजेलानं मरियेला साडी नेसवली, ख्रिस्ती कथांना भारतीय रूप दिलं. परदेशातही तिचं नाव झालं. १९८० साली ती गेली.

चित्रकाराच्या घरात चित्रकार मुलगी निघणं हे आज साधं वाटेल. त्या काळात मुलीला शाळेत धाडायचं की नाही यावर घरात भांडणं होत. अशा वेळी या दोन बापांनी मुलींना समोरच्या खुर्चीवरून उठवून आपल्या बाजूला बसवलं. बघितलं जाणं आणि आपण बघणं, यांतलं अंतर त्या दोघींनी एका खोलीत पार केलं.

तरीही एक प्रश्न राहतोच. धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर ही नावं थोड्यांना तरी माहीत आहेत. अंबिका आणि अँजेला ही नावं आज इथे बसलेल्यांपैकी कितीजणींनी ऐकली होती? मीही ऐकली नव्हती. आणि फ्लोरेंतिनाबाई? त्यांना काय वाटायचं, चित्रात बसायला आवडायचं की स्वयंपाक खोळंबायचा? चित्रावरून ते कळत नाही. चित्र सगळं सांगत नाही. बाईचं सांगणं बाईकडूनच ऐकावं लागतं.

आता 'काही न करण्यातला गोडवा' याकडे येते. ही चित्रं घेऊन मी विडी घरकुलातल्या आपल्या गटात गेले. बाया आपापली सुपं घेऊनच बसल्या होत्या. बोलत बोलत पानं कापत होत्या, तंबाखू भरत होत्या, दोरा बांधत होत्या. मी विचारलं, यातलं तुम्हांला कुठलं आवडलं? त्रिंदादांच्या त्या चित्राचं नाव सांगितलं, अर्थ सांगितला. एकजण म्हणाली, "काम न करता बसायला मिळतंय, म्हंजे ही आजारी असणार." सगळ्या हसल्या. मग एक अक्का, मूळच्या तेलुगू, मराठी थांबत थांबत बोलणाऱ्या, म्हणाल्या, "मी बसते की रोज दहा तास. पण ते बसणं कुणी बसणं म्हणत नाही. घरचे म्हणतात घरीच तर असते. कारखान्याचे म्हणतात घरीच तर करते."

मैत्रिणींनो, गृहउद्योगावर आपण मोठमोठे अहवाल वाचले. अक्कांच्या या चार वाक्यांत ते सगळं आलं. घर हा तिचा कारखाना आहे, म्हणून कारखान्याची सुट्टी तिला नाही. आणि ते घर आहे, म्हणून कामगाराचा मान तिला नाही. चित्रकाराला जी बाई 'घरात निवांत' दिसते, तिच्या मांडीवर सूप ठेवलं की सगळा अर्थ बदलतो.

नंतर मी हळदणकरांचं चित्र दाखवलं. आता तरी म्हणतील किती सुंदर, असं वाटलं. कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक तरुण पोरगी म्हणाली, "ताई, हिचा हात भाजत नसेल का?" आणि सगळ्या गप्प झाल्या. कुणाची आठवण आली ते सांगायला नको. तिच्या गल्लीतल्याच बाया होत्या त्या.

त्या दिवशी चर्चा झाली नाही. पण पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुमचं घर काढा, आणि त्यात तुमची जागा दाखवा. कुणाला चित्र येत नव्हतं. चौकोन काढला, दार काढलं, चूल काढली, कॉट काढली. कॉटवर नवरा, टीव्हीसमोर मुलं, देव्हाऱ्यात देव. आणि स्वतः? बऱ्याचजणी थांबल्या. कुणी दारात ठिपका काढला, कारण उजेड तिथं येतो आणि विड्या तिथंच वळल्या जातात. कुणी चुलीपाशी. एकीनं स्वतःला काढलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "मी सगळीकडंच असते की." तिचं खरं होतं. सगळीकडे असलेल्या माणसाला घरात स्वतःची एक जागा नसते.

आता काहीजणी म्हणतील, जागा, चेहरा, फोटो ही सुखवस्तू घरांतली दुःखं. आपल्याला आधी मजुरी हवी, पाणी हवं, मारहाण थांबायला हवी. मला हे मान्य आहे, मीही दिवसभर तेच करते. पण सोलापूरच्या विडी कामगार बायांनीच आपल्याला दुसरं काही शिकवलंय. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतली पहिली पंधरा हजार घरं मिळाली. ही घरं आभाळातून पडली नाहीत. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्यासोबत वर्षानुवर्षं मोर्चे काढून, हप्त्यासाठी पै पै साठवून बायांनी ती मिळवली. भाकरीच्या जोडीनं त्यांनी घर मागितलं, दार मागितलं. घराच्या कागदावर बाईचं नाव असणं आणि घरात तिची जागा असणं, ही एकाच मागणीची दोन टोकं आहेत. कागदावर नाव आलं तर उद्या तिला कुणी सहज बाहेर काढू शकणार नाही. आणि घरात तिला कुणी बघत असेल, तर तिच्या अंगावरचा वळ आपल्याला पंचनाम्यात नव्हे, आधी दिसेल.

मला ही चित्रं महत्त्वाची वाटतात ती एवढ्यासाठीच. कुणीतरी घरातल्या बाईकडे टक लावून पाहिलं, याचा तो पुरावा आहे. आपल्या मयत मैत्रिणीकडे कुणी तसं पाहिलं असतं तर? मीसुद्धा दर मंगळवारी तिला भेटत होते. तिची सही घेत होते. मी पाहिलं का? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

म्हणून शेवटी एक साधं काम सुचवते. आज जवळजवळ प्रत्येक घरात कुणाच्या तरी हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. लग्नात आणि हळदीकुंकवात आपण फोटो काढतोच. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीनं दुसरीच्या घरी जायचं. चहा प्यायचा, अर्धा तास बसायचं, नुसतं बघायचं, ऐकायचं. मग ती म्हणेल त्या जागी, ती म्हणेल तशी, तिचा एक फोटो काढायचा. पदर सारखा करायचा की नाही, हसायचं की नाही, सूप मांडीवर ठेवायचं की बाजूला, हे तिनं ठरवायचं. कागदावर छापून घेऊ. मागं तिचं नाव लिहू, तिनं सांगितलेली दोन वाक्यं लिहू. एक प्रत तिच्या घरी, एक आपल्या कार्यालयात. तिच्या परवानगीशिवाय तो फोटो कुठंही जाणार नाही.

आणि त्या अक्का ज्या म्हणाल्या ना, माझं बसणं कुणी बसणं म्हणत नाही, त्यांच्याकडे मी जाणार आहे. त्यांना मी विचारलं, कसा फोटो काढू? बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "झोपलेली काढ. दुपारी. दार लावून."

पुढच्या बैठकीला फोटो घेऊन या. बाकीचं तेव्हा बोलू.